नकाशे कापायचे नाहीत

त्या माणसानं पुस्तकाला हात लावायच्या आधी टेप लावला. सुतार लाकडाला लावतो तसा. केजच्या माझ्या घरात, जेवायच्या टेबलावर, मी धुतलेली पांढरी चादर अंथरून पुस्तक उघडून ठेवलं होतं आणि आतला घडीचा नकाशा हळूहळू उलगडला होता. पुण्याहून आलेला तो इंटिरिअरवाला नकाशाची लांबी मोजत होता, रुंदी मोजत होता आणि मोबाइलवर टिपून घेत होता. मोजून झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, पुस्तक आम्हाला नकोय. फक्त नकाशे. ब्लेडनं कडेकडेनं काढून घेऊ, तुम्हाला कळणारसुद्धा नाही. पुस्तक तुम्हालाच राहील."

मी नकाशाची घडी घातली, पुस्तक मिटलं आणि त्याला म्हटलं, "चहा घ्या आणि निघा."

त्याला माझ्या घरी कुणी पाठवलं, हे सांगायचं तर आधी पुस्तकांचं सांगायला हवं.

मी परिचारिका आहे. नोकरी केज तालुक्यातल्या एका खेड्यात, राहायला केजला. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी तो नवी तार भरून पुन्हा चालू करून देतो. आमच्या घरात एक मोठं लोखंडी कपाट आहे आणि त्यात साड्या नाहीत. जुनी पुस्तकं आहेत, समुद्रावर निघालेल्या माणसांची. कुणी आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थान शोधत आलेलं, कुणी दक्षिणेकडे बर्फापर्यंत जाऊन माघारी फिरलेलं, कुणी बेटांमागून बेटं मोजत गेलेलं आणि परत न आलेलं. काही पुस्तकं शंभर वर्षांची, काही दोनशेच्याही पलीकडची.

हे ऐकलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "सिस्टर, बीड जिल्ह्यात समुद्र कुठं हाय?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे. नंतर कंटाळले. आता म्हणते, "समुद्र असता तर पुस्तकं कशाला घेतली असती? जाऊन बघितला नसता का?"

पहिलं पुस्तक औरंगाबादला मिळालं. तिथं मी नर्सिंगचं शिकत होते. एका रविवारी शहागंजच्या रस्त्याकडेला एकानं पोत्यावर जुनी कुलपं, घड्याळं आणि पुस्तकं मांडली होती. त्यातलं एक तपकिरी कातड्याचं, पाठ मोडलेलं पुस्तक मी उचललं. इंग्रजी होतं, पण वाचता येईना. जिथं 'एस' हवा तिथं 'एफ'सारखं काहीतरी छापलेलं. 'सी' म्हणजे समुद्र, तर तो 'फी' झालेला. मला वाटलं, छापणाऱ्याचं डोकं फिरलंय. जुन्या छपाईत 'एस' तसाच असायचा, हे मला फार नंतर कळलं. पण तिथं उभ्यानं पानं उलटताना एक पान जमलं. त्यात खलाशांच्या हिरड्या सुजून काळ्या पडल्याचं लिहिलं होतं. दात हलायला लागले होते. एका माणसाच्या अंगावर कैक वर्षांपूर्वी भरून आलेली जखम होती, ती काल झाल्यासारखी पुन्हा उघडली होती.

हा आजार मला माहीत होता. त्याच आठवड्यात वर्गात झाला होता. लिंबू, आवळा, क जीवनसत्त्व, परीक्षेला येणारा भाग. इथं मात्र एक माणूस लिहीत होता की सकाळी आम्ही त्याला कापडात शिवून पाण्यात सोडलं आणि दुपारी त्याच्या वाटणीचं बिस्कीट वाटून खाल्लं. मी तिथंच उभी राहिले. विक्रेता म्हणाला, "लेना है तो लेव, नहीं तो रख देव, बाजी." चपलांसाठी ठेवलेले पैसे मी त्याला दिले आणि जुन्या चपलेला नवा अंगठा लावून घेतला.

सुट्टीत ते पुस्तक घरी नेलं तेव्हा आईनं कपाळाला हात लावला. वडील कोर्टात शिपाई होते. त्यांनी पुस्तक उलटंपालटं करून बघितलं, नकाशावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "वाच. समुद्र वलांडला की जात जाती म्हणायचे लोक पूर्वी. आपल्याला कशाचं भ्या? आपून तर ती छप्पन सालीच टाकून आलोत."

त्यांच्या त्या बोलण्यावर माझा आजवरचा छंद उभा आहे, असं म्हटलं तरी चालेल.

पुढं नोकरी लागली, लग्न झालं आणि पुस्तकं येत राहिली. हैदराबादला नातेवाइकांकडे गेले की फुटपाथवरचे बाजार धुंडाळायचे. पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानदाराला माझी आवड कळली, तो फोन करायचा. पुस्तकं यायची ती आजारीच. कुणाला कसर लागलेली, कुणाचा पुठ्ठा सुटलेला, कुणाची पानं घामट वासाची. मी त्यांच्यावर मला येतं तेच केलं. मऊ ब्रशनं पुसलं, सावलीत वारं दिलं, कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या. सुटलेले पुठ्ठे मी गॉजच्या पट्टीनं बांधते. उन्हाळ्यात आमच्याकडे कातडं तडकतं, म्हणून कपाटावर ओलं गोणपाट टाकते. नवरा म्हणतो, "माझ्या डोक्याला कधी ओला रुमाल बांधला न्हाईस."

एक पुस्तक उर्दू आहे, निजामाच्या काळातलं, हैदराबादला छापलेलं. ते वाचता यावं म्हणून मी गल्लीतल्या चाचांकडे अलीफ-बेपासून शिकले. ते निवृत्त शिक्षक. पुस्तक वाचायला लागल्यावर गंमत अशी की अक्षरं परकी आणि शब्द घरचे. जहाज, बंदर, तुफान, खलाशी, किनारा. चाचा म्हणायचे, "पानी नै देखे अपन, लफ्ज मगर पूरे है अपने पास."

या सगळ्या पुस्तकांत कप्तानाचं नाव मोठ्या अक्षरात असतं. त्याचं चित्र असतं, सही असते. पण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून ज्यानं त्याला हिंदुस्थानची वाट दाखवली तो नुसता 'एक वाटाड्या'. पंप मारणारा, शिडावर चढून पडलेला, कापडात शिवून सोडलेला, तो 'एक माणूस'. मी पुस्तकं वाचते ती या 'एक' माणसांसाठी. कुठं एखाद्याचं नाव सापडलं की त्या दिवशी मला जेवण गोड लागतं.

आता पुढाऱ्याकडे येते.

माझी नोकरी ज्या भागात, तिथं एका पुढाऱ्याचा शब्द चालतो. मोठी जमीन, मोठा गोतावळा, सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांच्या आईला साखरेचा आजार, पायाला जखम झालेली, भरता भरत नव्हती. दादांनी विचारलं, "ड्युटी झाल्यावर येता येता ड्रेसिंग कराल का?" मी हो म्हटलं. त्या आईंना सगळे माय म्हणत, मीही म्हणायला लागले.

त्या घरात मला चहा मिळायचा, पण माझा कप खिडकीत वेगळा पालथा घातलेला असायचा, हे थोड्याच दिवसांत लक्षात आलं. मी चहा घेणं बंद केलं. मायनं विचारलं, "कावून गं, चहा सोडलास का?" मी म्हटलं, "चहा नाही सोडला, माय. तो खिडकीतला कप सोडला." दुसऱ्या दिवशी सुनेनं सगळ्यांच्या ट्रेमध्ये, सगळ्यांसारख्या कपात माझा चहा आणला. मी घेतला.

जखम साफ करताना दुखायचं, म्हणून मी मायला पुस्तकांतल्या गोष्टी सांगायचे. जहाजाची, उंदरांची, बर्फात अडकलेल्या माणसांची. मायला त्या फार आवडत. "मंग? वाचला का त्यो?" असं विचारत ती पाय हलवायचीसुद्धा विसरायची. तिच्याच तोंडून घरात माझ्या पुस्तकांची, नकाशांची बातमी गेली. त्याच सुमाराला दादा रस्त्याकडेला नवा बंगला बांधत होते आणि पुण्याच्या इंटिरिअरवाल्यानं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की दिवाणखान्यात जुने खरे नकाशे फ्रेम करून लावायचे. मोठ्या शहरांत तशी पद्धत आहे म्हणे. दादांनी मला पुस्तकं दाखवायला सांगितलं. दाखवायला माझी ना नव्हती. म्हणून तो टेपवाला माझ्या घरी आला, आणि चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मायचं ड्रेसिंग करून बाहेर आले तर दादा ओसरीवर बसलेले. भोवती त्यांची माणसं.

"सिस्टर, आमच्या मानसाला वाटं लावलं म्हणं तुमी."

"हो."

"कावून? पैसे कमी बोलला का? आकडा तुमी सांगा."

"विकायचंच नाही, दादा."

"आवो, पुस्तक तुमालाच राहतंय की. चार कागद तर काढायचेत."

मी म्हटलं, "तुमच्या नव्या बंगल्याची चार दारं काढून नेली तर बंगला तुम्हालाच राहील की."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. दादांचा आवाज चढला नाही. ते शांतपणे म्हणाले, "ह्या भागात मी मागितलं अन् कुणी न्हाई म्हणलं, असं लई दिवसांत झालं न्हाई. विचार करा. नोकरी हितंच करायची हाय तुमाला."

"इथंच करायची आहे म्हणून तर नाही म्हणते," मी म्हटलं. "एकदा हो म्हटलं की मग रोजच म्हणावं लागतं."

पिशवी उचलून मी निघाले. रस्त्यावर येऊन जीप धरली. केज येईपर्यंत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले.

मग सुरू झालं. मायच्या ड्रेसिंगला येऊ नका, दुसरी सोय केलीय, असा निरोप आला. दादांच्या आणि त्यांच्या पाहुण्यांच्या विहिरींवरच्या मोटारी नवऱ्याच्या दुकानात येत, त्या थांबल्या. ज्यांना दादांची मर्जी राखायची होती त्यांच्याही थांबल्या. आणि एक कुजबुज पसरली. सिस्टरकडं इंग्रजांच्या काळातला चोरीचा माल आहे, कोटीचा आहे, म्हणून ती दाखवत नाही. गल्लीतल्या बायका सांगायला आल्या, "देऊन टाक गं बाई. कागदच तर हायेत. लेकरांच्या तोंडाकडं बघ."

नवऱ्यानं काहीच म्हटलं नव्हतं, म्हणून मीच विचारलं. तो दुकानात जळक्या मोटारीतली तार उपसत बसला होता. म्हटलं, "तुमचं काम गेलं माझ्यापायी. काय करू, सांगा."

हातातली तार बाजूला ठेवत तो म्हणाला, "ह्याच्यातनं तार काढली तर लोखंड उरतं, मोटार न्हाई उरत. मला कशाला विचारतीस?" आणि दुसऱ्या दिवशीपासून तो गेवराईकडं, उमापूरच्या बाजूला काम शोधायला जायला लागला. एसटीनं जायचं, मोटार तिथंच उघडायची, तिथंच भरायची. घरी यायचा तेव्हा हाताला तारेचे चरे आणि अंगावर रस्त्याची धूळ. तक्रार नाही.

मला भीती वाटली नाही असं नाही. एके सकाळी मी कपाटातली चांगली पुस्तकं काढून खोक्यात भरायला लागले, लातूरला बहिणीकडं नेऊन ठेवायला. निम्मं खोकं भरलं आणि माझा मलाच राग आला. चोरासारखी मी माझीच पुस्तकं लपवत होते. कुजबुज करणाऱ्यांना नेमकं तेच हवं होतं. मी खोकं रिकामं केलं आणि सरळ आमच्या बुद्धविहाराच्या कमिटीतल्या थोरल्या मामांकडे गेले. म्हटलं, "रविवारी हॉल द्या. मला सगळी पुस्तकं मांडायची आहेत. ज्याला बघायचंय त्यानं येऊन बघावं."

मामा म्हणाले, "बाई, वाद वाढंल."

"वाढू द्या. लपवलं तर तो चोरीचा माल होतो. उघडं ठेवलं तर पुस्तकच राहतं."

मामांनी किल्ली काढून दिली.

रविवारी हॉलमध्ये टेबलं लावली, पांढऱ्या चादरी अंथरल्या, पुस्तकं मांडली. नकाशे उलगडले. दारात बादली, साबण आणि स्वच्छ पंचा ठेवला आणि पाटी लावली: हात धुवा आणि हात लावा. काचेच्या आड काहीच ठेवलं नाही. सकाळी कुणीच आलं नाही. मी आणि चाचा खुर्च्यांवर बसून एकमेकांकडं बघत होतो. मग विहारात वंदनेला आलेल्या बायका आत डोकावल्या. मग शाळेच्या मुली. मग बाजाराला आलेले लोक, तहसीलच्या कामाला आलेले, शेअर जीप भरायची वाट बघणारे. दुपारपर्यंत हॉल भरला.

लोकांनी विचारलेले प्रश्न मी आजही विसरलेले नाही. पिण्याचं पाणी कुठं ठेवायचे? संपलं तर? आमच्या लोकांना पहिला प्रश्न पाण्याचाच सुचणार. मी सांगितलं, चहूकडं पाणी आणि माणशी मोजून मिळायचं, त्यात किडे पडलेले, तेही दात आवळून गाळून प्यायचे. तेव्हा एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "म्हंजी टँकरचंच की!" आणि सगळा हॉल हसला. चाचांनी उर्दू पुस्तकातलं तुफानाचं वर्णन वाचून दाखवलं, शब्द न् शब्द लोकांना कळला. एका बाईनं विचारलं, "बायका नव्हत्या का जहाजावर?"

"एक होती," मी म्हटलं. "पुरुषाचे कपडे घालून गेली आणि पृथ्वीला वळसा घालून आली."

"मंग तिचं नाव लिव्हलंय का ह्याच्यात?"

"ह्यात नाही. मला दुसऱ्या पुस्तकात सापडलं."

"सापडलं ना? मंग झालं," ती म्हणाली, जणू तिचंच हरवलेलं काही मिळालं होतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा बाहेर गाड्या थांबल्या. दादा आले, मागं माणसं. थोरले मामा उठून उभे राहिले. दादा थेट नकाशाच्या टेबलाकडं निघाले आणि मी मध्ये गेले.

"दादा, हात धुवा."

ते थांबले. माझ्याकडं बघितलं, पाटीकडं बघितलं. शाळेच्या मुली बघत होत्या, बाजारातले लोक बघत होते. दादांच्या माणसांतला एकजण पुढं झाला, "ए सिस्टर, कुनाला सांगायलीस गं..." दादांनी हातानं त्याला मागं सारलं. मग बाह्या वर केल्या, दाराशी परत गेले आणि साबण लावून हात धुतले. पंचा मीच दिला.

नकाशावर वाकून ते म्हणाले, "आपलं बीड कुठं हाय ह्याच्यात?"

मी दाखवलं. किनाऱ्यावर मुंग्यांच्या रांगेसारखी बंदरांची नावं, एकाला एक चिकटून. आत मात्र कागद कोरा. आणि आपला मुलुख जिथं असायला हवा तिथं नावाच्या जागी एक झाड आणि एक हत्ती.

"हत्ती?"

"आत येऊन कुणी बघितलंच नव्हतं. जिथलं काही माहीत नाही तिथं हत्ती काढून ठेवायचे."

"म्हंजी आपुन नव्हतोच."

"आपण होतो, दादा. त्यांना माहीत नव्हतं."

त्यांनी हत्तीवर बोट टेकवलं. हसले नाहीत. म्हणाले, "ह्याचा फोटू काढला तर चालंल का?"

"चालेल की. इथंच काढा, सगळ्यांसमोर. नकाशा बाहेर न्यायचा नाही आणि कापायचा नाही."

फोटो काढून ते गेले. माफी वगैरे कुणी मागितली नाही. मागितली असती तर मलाच अवघडल्यासारखं झालं असतं. कुजबुज मात्र त्या दिवसापासून बंद पडली. शंभर लोकांनी हात धुऊन ज्याला हात लावला, त्याला चोरीचा माल म्हणणार कसं? नवऱ्याच्या दुकानातल्या मोटारी परत आल्या त्या थोड्या, आणि उशिरा. दादांच्या विहिरींवरच्या आल्याच नाहीत. उमापूरकडं त्याचं बस्तान बसलंय, तो म्हणतो आता आल्या तरी वेळ कुठाय.

मायनं मात्र दुसऱ्या कुणाला पाय दाखवायचं बंद केलं. शेवटी निरोप आला. मी गेले, जखमेचं आणि माझं काही भांडण नव्हतं. मी पट्टी सोडायला लागले तशी ती म्हणाली, "बर्फात अडकल्याले त्ये लोक, त्यांचं मधीच ऱ्हायलं बग." मी पुढचं सांगितलं. तिचा पाय वाचला, एक बोट गेलं.

नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात तो फोटो मोठा करून लावलाय. चकचकीत कागद, सोनेरी फ्रेम, भिंतभर समुद्र. एकदा मी मायची पट्टी करायला गेले होते, तेव्हा तिथं आलेल्या कुण्या पाहुण्याला दादांचा माणूस सांगत होता की हा खरा जुना नकाशा आहे, ह्या सिस्टरकडचा. पाहुण्यानं कौतुकानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "खरा माझ्या घरी आहे." दादा समोर होते. त्यांनी चहाचा घोट घेतला.

मध्यंतरी मुंबईहून एका संग्राहकाचा फोन आला. फार सभ्य माणूस. म्हणाले, "बाई, ही पुस्तकं तुमच्याकडच्या उन्हात, धुळीत टिकायची नाहीत. तिथं ती वाचणार तरी कोण? आमच्याकडे एसी आहे, अभ्यासक येतात. योग्य जागी जाऊ द्या." त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं आणि तरी माझं डोकं तापलं. इथवर कुणी आलं नाही, बघितलं नाही, आणि इथं कोण आहे हे त्यांना फोनवरूनच ठाऊक होतं.

आता महिन्यातून एका रविवारी विहाराच्या हॉलमध्ये पुस्तकं मांडते. नांदूरघाटकडच्या दोन मुली नेमानं येतात. त्यांतली एक तो जुना 'एस' आता माझ्याहून भराभर वाचते. दुसरीला जहाजबांधणी शिकायची आहे, तिच्या वडिलांना अजून ते पटलेलं नाही, पण पटवायचं काम आम्ही दोघींनी हाती घेतलंय.

मुंबईच्या त्या गृहस्थांना मी एवढंच सांगितलं, "पुस्तकं योग्य जागीच आहेत. तुमच्या अभ्यासकांना केजला पाठवा. एसटी आहे, जीप आहे. हात धुवायला साबण मी ठेवते."